गुलाबी फुप्फुस

१

“मावशी, आई उजळलीये.”

फोनवर भाची एवढंच म्हणाली आणि खोकत राहिली. बाई खोकला संपायची वाट पाहत थांबल्या. खालच्या वस्तीतल्या माणसाशी बोलायचं तर एवढी सवय करून घ्यावीच लागते.

“उजळलीये म्हणजे काय?”

“गुलाबी झालीये. तू ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. मी इथेच बसलेय.”

तिसऱ्या कोणी हे ऐकलं असतं तर दोघींच्या डोक्याबद्दल शंका घेतली असती. भाचीची आई, म्हणजे बाईंची थोरली बहीण, जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिचं डावं फुप्फुस वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात काचेच्या बरणीत होतं. ते ताईनेच देऊ केलं होतं. “जन्मभर या धुरात पोरांना पाढे शिकवले. माझ्या छातीत काय साठलंय ते लोकांना एकदा दिसू दे,” असं ती म्हणाली होती. बाई तेव्हा त्याच महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवत होत्या. माणूस कशाने मेला हे त्याच्या अवयवांवरून ओळखायचं, हा त्यांचा धंदा. बहिणीचं फुप्फुस त्यांनी स्वतःच्या हातांनी बरणीत बसवलं, घरी जाऊन हात धुतले आणि जेवल्या. रडण्याबिडण्याचं काम त्यांनी नंतर उरकलं.

ताईची बरणी ओळीतली सातवी आणि शेवटची. ही ओळ बाईंच्या जुन्या सरांनी सुरू केलेली. काही वर्षांच्या अंतराने एकेक फुप्फुस, खालच्या वस्तीत जन्म काढलेल्या आणि कधी विडी-सिगारेटला हात न लावलेल्या माणसाचं. पहिली बरणी कारखान्याची भट्टी पेटण्याआधीची. तिच्यातलं फुप्फुस राखेच्या रंगाचं. पुढे दर बरणीत काजळीचं जाळं दाट होत जायचं आणि ताईपाशी येईपर्यंत शाईत बुचकळल्यासारखं दिसायचं. मोठी धूळ नाकात अडकते, खोकल्याने पडते. बारीक काजळी मात्र थेट तळाला जाते. तिथल्या पेशी तिला गिळून बसतात. मग ती पचत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही. बरणीतल्या फॉर्मॅलिनमध्ये मांसाचा रंग उडतो, काजळीचा उडत नाही.

सोमवारी ही ओळ पाहायला तिघांची समिती येणार होती. कारखान्याने त्याच जागी आणखी वीस वर्षं भट्टी चालवायची परवानगी मागितली होती, आणि वस्तीच्या वतीने भाचीने हरकत घेतली होती. तिची मुलगी पंप ओढल्याशिवाय जिना चढू शकत नव्हती. घरं सोडून दुसरीकडे जाता येईल एवढा पैसा वस्तीत कोणाकडेच नव्हता. म्हणजे भट्टी तरी हलणार, नाहीतर पोरगी याच हवेत वाढणार. तिसरा रस्ता नव्हता.

आज शनिवार होता.

बाई संग्रहालयात पोचल्या तेव्हा भाची स्टुलावर बसून शेवटच्या बरणीकडे एकटक पाहत होती. पहिल्या तीन बरण्या जशाच्या तशा होत्या. पुढच्या चारांवर चिठ्ठ्या त्याच होत्या, ताईच्या बरणीवर बाईंचंच अक्षर होतं. आत मात्र फिक्या गुलाबी रंगाची चार फुप्फुसं तरंगत होती. धूर कशाशी खातात हे जणू त्यांना माहीतच नव्हतं.

बाईंनी चष्मा बदलला आणि बरणीभोवती सावकाश फिरल्या. माणसाचंच फुप्फुस. डावंच, दोनच खंड, हृदयासाठी पुढच्या कडेला खाच. चारही डावीच. फुगीर बाजूवर उथळ, तिरपे दबलेले पट्टे, ओल्या उशीवर बोटं टेकवून उचलावीत तसे. हे पट्टे त्यांना खटकले. कुठेतरी पाहिल्यासारखे वाटत होते, पण कुठे ते आठवेना.

“मावशी, रंग उडाला असेल का गं?”

“काळा उडतो आणि गुलाबी येतो, असं कुठल्या जगात होतं?” बाई म्हणाल्या. “ही तुझी आई नाही.”

२

अधिष्ठाता बाईंचा विद्यार्थी. छातीचा शल्यविशारद म्हणून त्याने नाव काढलं होतं; मग खुर्ची मिळाली आणि हातातली सुरी सुटली. आता तो फक्त फिती कापत असे.

“बाई, बसा ना. चहा सांगू?”

“आधी खाली येऊन बरण्या बघ.”

“बघायचं काय त्यात? फुप्फुस म्हणजे शहराची रोजनिशीच असते, नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला मी तेच तर म्हणणार आहे.”

“फुप्फुस हे फुप्फुस असतं,” बाई म्हणाल्या. “चार फुप्फुसं बदललेली आहेत.”

अधिष्ठात्याने हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले. वाईट बातमी रुग्णाच्या नातेवाइकांना सांगताना तो असेच ठेवायचा, हे बाईंना आठवत होतं. रुग्ण सहसा त्याच्याच चुकीने दगावलेला असायचा.

“कशावरून बदललेली, बाई?”

“शेवटची चार काळी होती.”

“ती तुमची आठवण झाली. फोटो आहेत ते जुन्या पुस्तकातले, काळे-पांढरे, त्यांत सगळंच काळं. उजव्या फुप्फुसांच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या तुमच्या विभागात होत्या...”

“त्या तुम्ही इमारत बदलताना कचऱ्यात घातल्या.”

“जागा नव्हती, बाई. आणि झाकणांचं म्हणाल तर गेल्या उन्हाळ्यात सगळ्याच बरण्या उघडून द्रव बदलला. झाकणं सगळ्यांचीच नवी. किल्ली या बाहेरच्या खिळ्यावर असते, कोणीही घेतं.” तो थोडा पुढे वाकला. “शिवाय सांगू का, तुमची सख्खी भाची अर्जदार. तुमची सख्खी बहीण बरणीत. समिती काय म्हणेल? म्हातारीला आता दिसत नाही, असंच म्हणेल.”

“तू काय म्हणशील?”

“मी जे आहे ते दाखवणार. सोमवारी अकराला.”

खिडकीबाहेर नव्या संग्रहालयाच्या जागेवर फलक उभा होता. इमारत कारखाना बांधून देणार होता, वीस वर्षांची परवानगी मिळाली की. फलकावर चित्र होतं: काचेची इमारत, निळं आकाश. तसं आकाश या शहरात रंगाऱ्याने कुठे पाहिलं असेल, असा बाईंना प्रश्न पडला.

त्या उठल्या. जे आहे ते दाखवलं तर समिती काय वाचणार, हे उघड होतं: भट्टी जशी जुनी होत गेली, तशी वस्तीची फुप्फुसं सुधारत गेली.

३

कारखान्याच्या डॉक्टरला सगळे ‘अत्तर’ म्हणत. तो दारातून आत येण्याआधी त्याचा वास येई. तोही बाईंचाच विद्यार्थी; दोन वर्षं त्यांच्या हाताखाली शवविच्छेदनं केलेला. हात चांगला होता. तो हात पुढे त्याने कशाला लावला, ते या अत्तराखाली झाकलेलं होतं.

त्याची खोली कारखान्याच्या फाटकाशी होती. खिडकी बंद, कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं यंत्र घुरघुरत होतं. फाटकाबाहेर धूळ बसू नये म्हणून रस्त्यावर पाणी मारत होते. हवा मोजणारं यंत्र मात्र कारखान्याने साहेबलोकांच्या बागेत, कारंज्याजवळ बसवलं होतं. ते इमानेइतबारे कारंज्याची हवा मोजत होतं.

“आमची हवा चांगली आहे, बाई,” अत्तर म्हणाला.

“म्हणून हे यंत्र लावलंयस होय?”

तो हसला. लाजेचा पडदा त्याने कधीच फाडला होता, त्यामुळे त्याच्याशी बोलणं सोपं जाई. “माझी पोरं इथे राहत नाहीत, बाई. मला विचाराल तर तुमच्या भाचीनेही राहू नये.”

“बरण्यांत हात घातलास का?”

“मी?” त्याने खण उघडून जाडजूड अहवाल टेबलावर आपटला. “हे बघा. वर्षभर खपलोय. ‘फुप्फुसातील काळेपणाची इतर कारणे.’ चुलीचा धूर, देवळातला... म्हणजे कुठलाही बंद जागेतला धूर, रस्त्यावरच्या गाड्या. सात माणसांवरून वस्तीबद्दल काही म्हणता येत नाही, हे शेवटचं प्रकरण. बरणीतली फुप्फुसं काळीकुट्ट आहेत हे पहिल्याच पानावर मान्य केलंय. सोमवारी मी हे समितीला वाचून दाखवणार.”

बाईंनी पहिलं पान वाचलं. खरंच मान्य केलं होतं, तेही दोनदा.

“आणि समितीने बरण्या पाहिल्या आणि फुप्फुसं गुलाबी निघाली तर?”

“गुलाबी कशी निघतील?”

“निघालीत. चार.”

अत्तराचं हसू ओठांवरच राहिलं, पण बाकीचा चेहरा त्याला सोडून गेला. तो उठला, यंत्र बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

“कोण तो गाढव?” तो म्हणाला. “माझं वर्ष पाण्यात घातलं.”

खोटं बोलणं हा त्याचा व्यवसायच होता, तेव्हा त्याचं खरं बोलणं बाईंना लगेच ओळखू आलं. चोरीचा माल पाहून रागावणारा चोर त्यांनी अजून पाहिला नव्हता.

४

तिसरा संग्रहालयाचा प्रमुख आणि शरीररचनेचा प्राध्यापक. पोरं त्याला ‘इस्त्री’ म्हणत. कोटाला घडी, विजारीला घडी आणि बोलण्यालाही घडी. मधे कुठे माणूस सापडला तर नशीब.

बाईंना तो विद्यार्थी म्हणून चांगला आठवत होता. शवविच्छेदनाच्या पहिल्याच दिवशी, ताजं रक्त पाहून, दारातच आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर उठून गेला तो पुन्हा त्या खोलीत कधी आला नाही; हजेरी मित्राने लावली. पदवी मिळताच त्याने शरीररचना घेतली. तिथे देह औषध भरून, घट्ट होऊन येतात. रक्त नाही, वास ठरलेला, कोणी तक्रार करत नाही.

तो विच्छेदनगृहातच सापडला. लांबलचक खोली, स्टीलची टेबलं, भिंतीला झाकणाचे मोठे हौद.

“बाई, आपण इथे? निरोप पाठवला असता तर मी आलो असतो.”

“बरण्या पाहिल्यास?”

“पाहिल्या. अधिष्ठात्यांनी सांगितलं, आपल्याला जरा... शंका आहे.” शंका हा शब्द त्याने चिमट्यात धरल्यासारखा उच्चारला. “मला विचाराल तर नमुने उत्तम आहेत. एकेक खूण पुस्तकातल्यासारखी. असे नमुने मिळत नाहीत हो हल्ली.”

“काळी होती ती.”

“काळवंडलेली असतील. जुन्या सरांच्या वेळी औषधं अशुद्ध असायची. द्रव बदलल्यावर डाग निघाले असतील.”

“काजळी निघते?”

“मी अवयवांच्या रचनेचा माणूस, बाई. रंग हा आपला विषय.” तो नम्रपणे हसला. “पण एवढं सांगतो, माझ्या हाताखालून जेवढी फुप्फुसं गेली तेवढी या इमारतीत कोणी पाहिली नसतील. तेव्हा नमुन्याबद्दल माझ्या शब्दाला काही किंमत असावी.”

“हौदात काय आहे?”

“अवयव. वर्षानुवर्षांचे. मी काही टाकत नाही, टाकायचा असला तर अधिष्ठात्यांची सही, पिवळी पिशवी, अवयव जाळणाऱ्या ठेकेदाराची पावती. कशाला ती कटकट? नमुना म्हणजे नमुना. नवं संग्रहालय झालं की सगळ्यांना जागा मिळेल.”

“त्याला कोणाचं नाव देणार म्हणे?”

इस्त्रीच्या गालावर, कोणी फुंकर घालावी तशी, हलकी लाली आली. “तसं अजून ठरलेलं नाही,” तो म्हणाला.

बाईंनी तिघांना मनात एका रांगेत उभं केलं. एकाला इमारत हवी, एकाला पगार, एकाला दारावर नाव. तिघेही फुप्फुस जाणणारे, तिघांच्याही हाताशी किल्ली. शिकवताना आपण या वर्गाला काय पाजलं होतं, असा विचार त्यांच्या मनात आला. पण पुरावा कुठेच नव्हता, आणि सोमवार यायला मधे एकच रविवार होता.

५

रविवारी दुपारी बाई खालच्या वस्तीत गेल्या. वस्ती खोलगट जागी. सकाळी चिमणीतून निघालेला धूर वर जायचं सोडून तिथेच येऊन बसायचा, न बोलावता आलेला पाहुणा जसा. भाचीने खिडकीच्या फटींत ओल्या कापडाचे बोळे कोंबले होते. सकाळी पांढरे असलेले बोळे आता करडे झाले होते.

“सापडलं काही?” भाचीने विचारलं.

“तीन हरामखोर सापडले. चोर कोणता ते कळत नाहीये.”

“मग उद्या?”

 भाची ओट्याकडे वळली. “आईच्या बरणीशी जाऊन मी दर वर्षी उभी राहायचे. लोक हसायचे. मला वाटायचं, ती अजून साक्ष द्यायला थांबलीये. आता तीही नाही.”

आतल्या खोलीत मुलगी झोपली होती. आडवी झाली की तिला धाप लागे, म्हणून ती खुर्चीवर उलटी बसून, पाठीच्या उभ्या दांड्यांवर छाती आणि हात टेकवून झोपायची. बाईंच्या चाहुलीने जागी झाली.

“आजी, पंप कुठंय?”

बाईंनी तो तिच्या हातात दिला. पोरीने दोनदा ओढला. तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत दांड्यांचे लालसर पट्टे उठले होते. उथळ, एकासारखे एक, तिरपे.

बाई त्या हाताकडे पाहतच राहिल्या.

“काय झालं?” पोरगी म्हणाली.

“तुझा हात मऊ आणि दांडे कडक. बराच वेळ टेकून राहिलं की असे वळ उठतात.”

“जातात ते लगेच.”

“तुझे जातात,” बाई म्हणाल्या. “कारण तू जिवंत आहेस. हात तसाच दगडासारखा घट्ट झाला असता, तर गेले नसते.”

त्यांनी भाचीला हाक मारली. “उद्या अकराला समितीला बरण्यांशी थांबवू नकोस. मी सांगेन तिथे घेऊन ये. आणि हातमोजे आण. लांब, कोपरापर्यंतचे.”

६

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. विच्छेदनगृहाच्या दारात त्यांनी नाकाला रुमाल लावला. त्यांच्यामागे दोन सदस्य, अधिष्ठाता, अत्तर आणि भाची. इस्त्री आधीच आत होता आणि त्याच्या घडीला पहिल्यांदाच सुरकुती पडलेली दिसत होती. एका टेबलावर बाईंनी पहिली आणि शेवटची बरणी आणून ठेवल्या होत्या.

“हे आमच्या कार्यक्रमात नव्हतं,” अध्यक्ष म्हणाले.

“फुप्फुसांची चोरीही नव्हती,” बाई म्हणाल्या. “थोडक्यात सांगते. ही पहिली बरणी जुन्या सरांची. माणूस गेला की सर फुप्फुस लगेच बाहेर काढत, श्वासनळीत रबरी नळी घालून औषध भरत, आणि फुग्यासारखं पूर्ण फुगल्यावर टांगून ठेवत. मग ते तसंच घट्ट होई. सातही त्यांनी किंवा मी अशीच केली. यावरून नजर फिरवा. कुठे खळगा आहे?”

अध्यक्षांनी वाकून पाहिलं. फुप्फुस गुळगुळीत होतं.

“आता ही सातवी. हे तिरपे पट्टे पाहा. हे बरगड्यांचे ठसे आहेत. हे फुप्फुस छातीच्या पिंजऱ्यातच घट्ट झालं; औषध अख्ख्या देहात भरलं आणि मऊ फुप्फुस बरगड्यांना टेकलं ते तसंच थिजलं. असे देह या इमारतीत एकाच खोलीत येतात. आपण उभे आहोत त्या.”

अधिष्ठाता पुढे आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने त्या बरणीकडे नीट पाहिलं असावं. त्याचा चेहरा क्षणात उतरला.

“हे... बाई, असं फुप्फुस नसतं. मी शेकड्याने छात्या उघडल्यात. ते ओल्या रेशमासारखं असतं.”

“तू परवा खाली आला असतास तर परवाच म्हणाला असतास. पण तू आला नाहीस, म्हणूनच तू चोर नाहीस. तुझ्या हातून हे फुप्फुस बरणीत गेलंच नसतं, तुझ्या नजरेला पट्टे आधी टोचले असते. हा दुसराही नाही,” त्यांनी अत्तराकडे बोट केलं. “याने माझ्याकडे दोन वर्षं ताजी फुप्फुसं हाताळलीत. शिवाय ती काळी राहण्यावरच याचा अहवाल उभा आहे. अर्ध्या शहाण्याने केलेल्या या उपकाराने तो बिचारा बुडाला.”

अत्तर छताकडे पाहू लागला.

“उरला तो, ज्याने जन्मात एकही ताजं फुप्फुस पाहिलेलं नाही. ज्याची सगळी फुप्फुसं औषध भरलेल्या देहातून आली. त्याला बरगड्यांचे ठसे म्हणजे दोष वाटत नाही. त्याला ती फुप्फुसाची ओळख वाटते. शरीररचनेच्या पुस्तकात तसंच लिहिलंय. म्हणून त्याने डावीच निवडली, खाच तपासली, खंड मोजले, बारकाईने काम केलं. आणि ठसे आहेत म्हणून खूश झाला. ‘एकेक खूण पुस्तकातल्यासारखी.’ परवा मलाच म्हणाला.”

सगळे इस्त्रीकडे वळले.

“हा केवळ तर्क आहे,” तो म्हणाला. आवाज अजून घडीचा होता. “मूळ नमुने कुठे आहेत? ते दाखवल्याशिवाय...”

“तेच दाखवते,” बाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे चढवले आणि भिंतीजवळच्या हौदाचं झाकण उचललं.

७

हौद फुप्फुसांनी भरलेला होता. औषधाच्या पिवळट पाण्यात ती एकमेकांवर रचलेली, भिजलेल्या कोळशाच्या ढिगासारखी. अध्यक्षांचा रुमाल खाली आला. वास विसरून ते काठाशी आले.

“टाकायला सही लागते, पावती लागते,” बाई म्हणाल्या. “आणि हा काही टाकत नाही. काळी चार फुप्फुसं लपवायची तर कुठे? जिथे काळ्यांत काळी ओळखू येणार नाहीत तिथे.”

त्यांनी बाही सावरून हात कोपरापर्यंत आत घातला आणि डोळे मिटले. बोटांना ठसे लागले. दुसरं, ठसे. तिसरं, ठसे. खोलीत फक्त पाण्याचा आवाज येत होता आणि भाचीच्या छातीतली शिट्टी. मग बाईंचा हात थांबला. त्यांनी एक फुप्फुस वर काढून ट्रेमध्ये ठेवलं. भरदार, गुळगुळीत, काळं. थोड्या वेळाने दुसरं सापडलं, मग तिसरं.

“ती म्हातारी... बाईंना जे हवं ते सापडतंय,” इस्त्री म्हणाला. घडी आता पार मोडली होती. तो अध्यक्षांकडे वळला. “साहेब, काळं आहे म्हणजे ते बरणीतलंच, हे कशावरून? यात काय विशेष? या हौदात बघा ना, सगळीच काळी आहेत. या शहरातल्या देहांची अशीच असतात. कुठल्याही वस्तीतला घ्या. मी इतकी वर्षं बघतोय, दर वर्षी जास्तच काळी येतात. चार स्वच्छ मिळवायला मला डोंगराकडच्या...”

तो थांबला. पण वाक्य थांबलं नव्हतं. ते खोलीभर फिरून प्रत्येकाच्या कानाशी जाऊन आलं.

“डोंगराकडच्या गावांतून आलेले देह शोधावे लागले,” बाईंनी ते पुरं केलं. “शहरातले सगळे तपासून, नापास करून, मग. जुन्या सरांनी जन्मभरात सात गोळा केली. तू हौदभर केलीस. आणि त्याकडे पाठ करून तू म्हणे फुप्फुसांचा जाणकार.”

अध्यक्षांनी हौदात पुन्हा एकदा वाकून पाहिलं. मग सदस्याला म्हणाले, “प्राध्यापकांचं बोलणं शब्दशः लिहून घ्या. दर वर्षी जास्त काळी येतात, तेही.”

“तुला कोणी सांगितलं होतं हे करायला?” अधिष्ठात्याने दबक्या आवाजात विचारलं.

“कोणी नाही,” अत्तरच म्हणाला. “आम्ही तर नाहीच. आम्हाला विचारलं असतंस तर मी तुझे पाय धरून थांबवलं असतं.”

इस्त्री कोटाची घडी सारखी करू लागला. बाईंना वाटलं होतं तसंच होतं. कोणी त्याला पैसे दिले नव्हते, कोणी शब्द टाकला नव्हता. दारावर नाव यावं म्हणून न सांगता केलेली चाकरी. लाच घेऊन विकली जाणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. फुकटात विकला गेलेला हा पहिलाच. नवं संग्रहालय मिळावं म्हणून त्याने जुन्यातली एकच पाहण्यासारखी गोष्ट मोडली होती. संताप यावा एवढीही त्याची लायकी नव्हती.

चौथं फुप्फुस हौदाच्या तळाशी होतं. बाईंनी ते दोन्ही हातांनी उचललं. वरच्या टोकाला अंगठ्याच्या नखाएवढा कडक, सुरकुतलेला व्रण होता. लहानपणी ताईला क्षय होऊन गेला होता, तेव्हाचा. धाकटीला लागू नये म्हणून ती तेव्हा वर्षभर भिंतीकडे तोंड करून झोपायची.

बाईंनी बोट त्या व्रणावर ठेवलं आणि थोडा वेळ तसंच राहू दिलं.

भट्टीला परवानगी मिळाली नाही. विझवायला कारखान्याने मुदत मागून घेतली, ती मिळाली. अशा लोकांना मुदत नेहमीच मिळते. अत्तर दुसऱ्या शहरातल्या कारखान्यात गेला. अहवाल तोच नेला, म्हणतात, गावाचं नाव तेवढं बदलून. नव्या इमारतीचा फलक वाऱ्यापावसात उभा आहे आणि त्यावरचं आकाश आता खऱ्या आकाशाच्या रंगाचं झालं आहे. अधिष्ठात्याने इस्त्रीची चौकशी लावली आणि चौकशीच्या प्रमुखपदी स्वतःला नेमलं.

पण हे सगळं नंतर. त्या सोमवारी दुपारी बाईंनी नव्या बरणीत ताईला नीट बसवलं, द्रव भरला आणि झाकण लावलं. भाची स्टुलावर बसून पाहत होती. शेवटची बरणी पुन्हा ओळीत गेली, काळीभोर.

भाची खोकली. बाई वाट पाहत थांबल्या.

“आता आईसारखी दिसतेय,” भाची म्हणाली.